खेळाचं एम.बी.ए. करण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंहगड रस्त्यावर राहणारी तेवीस वर्षांची मुलगी. बी.कॉम. झालंय, खो-खो राज्यस्तरापर्यंत खेळली आहे आणि गेलं सव्वा वर्ष एका जिममध्ये फ्लोअर ट्रेनर आहे. पगार बेताचा. वडील म्हणतात, शिकायचंच असेल तर नीट एम.बी.ए. कर. जिमचे मालक म्हणतात, दोन वर्षं आणि लाखो रुपये घालवण्यापेक्षा एखादं सर्टिफिकेट घे. क्रीडा व्यवस्थापन आणि फिटनेस व्यवस्थापन एकच का, शिकायचं तर पुण्यात की परदेशात, आणि शेवटी नोकरी लागते का, असं तिनं विचारलंय.

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे माझं किती मनावर घ्यायचं ते तुला ठरवता येईल. २००८ च्या ऑक्टोबरात पुण्यात राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या, तेव्हा मी बालेवाडीच्या क्रीडा संकुलात गळ्यात ओळखपत्र अडकवून वॉर्म-अप ट्रॅकच्या फाटकाशी उभी होते. फुकट. त्यानंतर क्लब, जिम, बॅडमिंटन हॉल, जलतरण तलाव, रस्त्यावरच्या शर्यती असं बरंच काही चालवून झालं. पदव्युत्तर पदवी मी उशिरा घेतली, नोकरी सांभाळत. त्यामुळे पदवीला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही, आणि तिची आरती ओवाळणाऱ्यांतलीही नाही.

क्रीडा व्यवस्थापन म्हटलं की डोळ्यांसमोर आयपीएलचा डगआउट येतो. माहितीपत्रकांवरही तेच फोटो असतात. आता गेल्या पंधरा वर्षांतलं पुणं आठव. पुणे वॉरियर्स २०११ ला आले आणि २०१३ ला संपले. रायझिंग पुणे सुपरजायंट दोनच हंगाम खेळले, २०१६ आणि २०१७. दुसऱ्या हंगामात अंतिम सामना एका धावेनं गेला आणि पाठोपाठ दुकानही उठलं, कारण मुळात सोयच दोन वर्षांची होती. फुटबॉलचा एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९, मग तो संघ बंद झाला आणि ती जागा हैदराबादला गेली. चेन्नईहून २०१८ ला आलेली एटीपी टेनिस स्पर्धा २०२३ नंतर पुण्यातून गेली. ह्यातल्या जवळपास प्रत्येक ठिकाणी माझ्या ओळखीची मुलं होती. तिकीट, मार्केटिंग, सोशल मीडिया. हुशार आणि कष्टाळू. संघ गेला तशी त्यांतली निम्मी दुसऱ्याच धंद्यात गेली, कुणी विम्यात, कुणी बांधकाम व्यावसायिकाच्या जाहिरात विभागात.

बालेवाडीचं संकुल मात्र १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलं ते अजून तिथंच आहे. त्याचं गवत कापावं लागतं, ट्रॅक धुवावा लागतो, तलावाचं पाणी रोज तपासावं लागतं. गहुंज्याचं क्रिकेट स्टेडियम कुठं जात नाही. डेक्कन जिमखाना १९०६ पासून आहे, पीवायसी जिमखाना त्याच्याही आधीपासून. पुणेरी पलटण टिकली, २०२४ ला प्रो कबड्डीची विजेतीही झाली, आनंदच आहे. पण एका संघाच्या कार्यालयात बारा महिने पगारावर असणारी माणसं एका टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बसतील. तुझ्या खो-खोचंच घे. अल्टिमेट खो-खोचा पहिला हंगाम २०२२ ला आपल्या बालेवाडीतच झाला. पुढचा हंगाम ओडिशात. लीग गाव बदलते. तू संध्याकाळी ज्या मैदानावर सराव करायचीस, तिथं पाणी मारणारा माणूस मात्र रोज लागतो, आणि त्या माणसाचं, पाण्याचं आणि मैदानाचं गणित जमवणारा कुणीतरी लागतो.

गंमत म्हणजे ह्या विषयाचं मूळच अशा एका संघमालकात आहे. अमेरिकेत ब्रुकलिन डॉजर्स नावाचा बेसबॉल संघ होता. त्याचे मालक वॉल्टर ओ'मॅली. क्लब आणि मैदानं चालवायला शिकलेली माणसं मिळत नाहीत, ही त्यांची तक्रार. जेम्स मेसन ह्या प्राध्यापकांशी त्यांचं त्यावर बोलणं झालं आणि त्यातून पुढे १९६६ मध्ये ओहायो विद्यापीठात ह्या विषयातला पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम निघाला. दरम्यान ओ'मॅलींनी आपला संघ ब्रुकलिनहून उचलून लॉस एंजेलिसला नेला होता! म्हणजे संघ हलतो, हा ह्या विषयाचा पहिला धडा.

आता दोन्ही एकच का? नाही. एका ठिकाणी गिऱ्हाईक बसून बघतं, दुसऱ्या ठिकाणी ते स्वतः घाम गाळतं, आणि पैसा येण्याची वाट त्यामुळे पार वेगळी होते. बघण्याच्या धंद्यात पैसा मुख्यतः प्रक्षेपणाच्या हक्कांतून आणि प्रायोजकांकडून येतो. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे हक्क ४८,३९० कोटींना गेले, तो आकडा तुला पाठ असेल. पण हा पैसा वरून येतो आणि वरूनच आटतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला आणि भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरचं ड्रीम ११ हे नाव करार मध्यावर असताना उतरलं. क्रिकेटला काही आठवड्यांत दुसरा प्रायोजक मिळतो. पण अशाच पैशांवर डोळा ठेवून आखलेल्या लहान स्पर्धांचं काय झालं असेल, विचार कर.

फिटनेसच्या धंद्यात पैसा खालून येतो, एकेका माणसाकडून, आणि तो टिकतो रिन्यूअलवर. पण ह्या दोन्हींत आपण जे विकतो ते एकच आहे: जागेचा तास. खुर्चीचा, कोर्टाचा, तलावातल्या लेनचा, ट्रेडमिलचा. आज सकाळी अकराचा रिकामा गेलेला तास उद्या विकता येत नाही. किराणा दुकानातली साखर उद्या खपते, बॅडमिंटन कोर्टाचा मंगळवार खपत नाही. हे ज्याला हाडात कळलं तो ह्या धंद्यात तरतो. बाकी सगळं शिकवता येतं.

सहा कोर्टांचा हॉल धर. सकाळी सहा ते रात्री अकरा उघडा, म्हणजे सतरा तास, म्हणजे दिवसाला १०२ कोर्ट-तास. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते दहा हे सात तास भरलेले, म्हणजे ४२. उरलेले ६० तास दिवे, झाडू आणि वॉचमनसकट रिकामे. पुण्यातल्या दुपारी एक ते चारचा विनोद कृपा करून करू नकोस, तो माझ्या अंदाजपत्रकातला एक रकाना आहे. तर ह्या साठ तासांचं काय करायचं, हे व्यवस्थापन. जवळच्या शाळेशी करार करायचा, अकराला बायकांची बॅच लावायची, निवृत्त मंडळींना निम्म्या दरात नऊ ते अकरा द्यायचे. आणि त्यांना द्यायचे तर चहाची सोय हवी, नाहीतर ते येत नाहीत. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. शिवाय गावाचं पंचांग. जूनमध्ये पाऊस लागला की उघड्या टर्फवरचं बॉक्स क्रिकेट थंडावतं आणि आतल्या कोर्टांना मागणी येते. पालखी शहरात मुक्कामाला असते तेव्हा रस्ते बंद. गणपतीचे दहा दिवस पेठांकडच्या जिममध्ये चिटपाखरू नसतं. दहावी-बारावीच्या परीक्षांत मुलांच्या बॅचेस अर्ध्या होतात. हे कॅलेंडर डोक्यात नसलेला एम.बी.ए. मी पाहिलाय. त्यानं विसर्जनाच्या आदल्या दिवशी स्पर्धेचं उद्घाटन ठेवलं होतं.

आता माझी एक चूक सांगते, कारण तुझ्या बी.कॉम.चा उपयोग तिथं आहे. एका जिमची जबाबदारी माझ्याकडे होती. दिवाळीत वार्षिक मेंबरशिपवर घसघशीत सवलत लावली आणि रांगा लागल्या. आकडे मी इथं सोयीचे घेते, जीएसटी तूर्त बाजूला. ४०० जण, प्रत्येकी १५,००० रुपये, एका झटक्यात ६० लाख जमा. महिन्याचा खर्च साडेचार लाख, म्हणजे वर्षाचा ५४. सहा लाख शिल्लक राहणार, मजा आहे. मालक खूश, मी खूश, त्या भरात २० लाखांची नवी मशिन्स घेतली. उरले ४० लाख. नोव्हेंबरपासून साडेचार लाखांनी जायला लागले, की जुलै संपता संपता खातं रिकामं. आणि ४०० माणसं अजून तीन महिने हक्कानं येणार, कारण त्यांनी पैसे भरलेत! त्या वर्षी ऑगस्टचे पगार मी कसे केले ते मला विचारू नकोस. जमा झालेले ६० लाख हे उत्पन्न नव्हतं, बारा महिन्यांची उधारी होती. हिशेबाच्या पुस्तकात त्याला नाव आहे, बी.कॉम.ला तू ते शिकली असशील आणि परीक्षेनंतर विसरली असशील.

आता त्यात जीएसटी घाल. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या सेवेवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ वर आला. गिऱ्हाइकाला बरंच झालं. पण त्याबरोबर इनपुट क्रेडिट गेलं. म्हणजे आपण खर्चावर जो कर भरतो, तो आता वळता होत नाही. त्याच जिमचं भाडं महिना दोन लाख असेल तर त्यावरचा १८ टक्के कर ३६,००० रुपये, वर्षाला ४ लाख ३२ हजार. मेंबरशिपचा मूळ दर तोच ठेवलास तर वरच्या सहा लाखांतले एवढे इथंच गेले, उरले १ लाख ६८ हजार. आणि वीज, ट्रेडमिलचे पट्टे, एसीची दुरुस्ती ह्यांवर मी अजून बोललेही नाही. मुलाखतीत एखादा उमेदवार हे कागदावर मांडून दाखवतो तेव्हा मी त्याची पदवी विचारत नाही. बहुतेक जण दाखवत नाहीत. ‘खेळाची पॅशन आहे’ असं सांगतात.

तर पदवीकडे येऊ. पुण्यात पर्याय आहेत, पण ते एका टोपलीतले नाहीत आणि लोक सर्रास घोळ घालतात. बी.पी.एड., एम.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाची वाट; ती शिक्षक-प्रशिक्षणात मोडते, तिच्यावर एनसीटीईचे, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचे, नियम चालतात. गुलटेकडीला महाराष्ट्रीय मंडळाचं चंद्रशेखर आगाशे महाविद्यालय आहे, ते ह्या वाटेवरचं. शाळा-कॉलेजात क्रीडाशिक्षक व्हायचं असेल तर हेच लागतं, तिथं एम.बी.ए. चालत नाही. जिल्हा आणि तालुका क्रीडा अधिकाऱ्यांच्या जागांचा विचार असेल तर जाहिरातीतली पात्रता शब्दन्‌शब्द वाच, मग कोर्स निवड. उलटं करू नकोस. क्रीडा व्यवस्थापनाचं एम.बी.ए. ही दुसरी वाट. सिम्बायोसिसची क्रीडाशास्त्राची स्वतंत्र संस्था पुण्यात आहे, मुंबईतही ह्या विषयाला वाहिलेल्या संस्था आहेत. तिसरी वाट क्रीडाविज्ञानाची, शरीरक्रिया, बायोमेकॅनिक्स वगैरे, ती बी.कॉम.वाल्याला सहसा बंदच असते. आणि तुझे मालक म्हणतात ती सर्टिफिकेटं, एसीई, एनएससीए ह्या अमेरिकन संस्थांसारखी, ती ट्रेनरची आहेत, व्यवस्थापकाची नव्हेत. तुला पीटीचे, म्हणजे पर्सनल ट्रेनिंगचे, क्लायंट वाढवायचे असतील तर मालक बरोबर आहेत, काही महिन्यांत पैसे वसूल होतील. तुला जिम चालवायचं असेल तर त्या कागदाचा उपयोग एवढाच, की ट्रेनर तुला हलक्यात घेणार नाहीत. तेही कमी नाही म्हणा.

एम.बी.ए.त जे खरोखर मिळतं ते म्हणजे हिशेब, करार आणि कायदा. आणि दोन वर्षं बरोबर बसलेली चाळीस-पन्नास माणसं, जी पुढे फोन उचलतात. करार आणि कायद्याला आता जास्तच भाव येणार आहे. २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला. त्यात राष्ट्रीय क्रीडा मंडळ आणि तंटे सोडवायला वेगळं न्यायाधिकरण आहे. आजवर एका कपाटात आणि सचिवांच्या डोक्यात चालणाऱ्या संघटनांना नियमावली, निवडणुका आणि हिशेब नीट ठेवावे लागतील, आणि ते ठेवायला माणसं लागतील. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धाही अहमदाबादला आहेत. त्यावरून कॉलेजवाले स्वप्नं विकतील. स्पर्धेची कामं बहुतांशी काही महिन्यांच्या कंत्राटावर असतात हे लक्षात ठेव, पण अनुभव म्हणून जरूर जा.

कॉलेज कसं पारखायचं? मान्यता कुणाची, हे पहिलं, आणि ते संकेतस्थळावर वाचून नव्हे तर कार्यालयात लेखी मागून. मग गेल्या तीन बॅचेसची यादी. भिंतीवर कंपन्यांचे लोगो असतात ते नको, कोण कुठल्या पदावर लागलं आणि सहा महिन्यांनी तिथंच होतं का, ते हवं. इंटर्नशिपचं खोदून विचार. पुष्कळ ठिकाणी इंटर्नशिप म्हणजे मॅरेथॉनच्या दिवशी पहाटे तीनला जाऊन केळी वाटणं, बदल्यात टी-शर्ट आणि प्रमाणपत्र. केळी वाटण्यात कमीपणा नाही, मी वाटलीत. पण दोन वर्षांची फी भरून तेवढंच पदरात पडणार असेल तर ते कुठल्याही रविवारी फुकट मिळतं.

त्याच शर्यतीत शिकण्यासारखं काय असतं ते सांगते. मॅरेथॉनचा रस्ता मोजतात कसा, माहीत आहे? गाडीच्या मीटरनं नाही, मोबाइलवर तर नाहीच. सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं, चाकाचे फेरे मोजणारं छोटं यंत्र लावतात, आधी पोलादी टेपनं मोजलेल्या सरळ पट्ट्यावर सायकल चालवून ते जुळवून घेतात, मग धावपटू ज्या सर्वांत जवळच्या रेषेनं पळू शकेल त्या रेषेनं, वळणावर कडेपासून तीस सेंटिमीटरवरून, सायकल चालवतात. वर हजारात एक एवढी भर घालतात, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरला सुमारे ४२ मीटर. कारण रस्ता कमी भरला तर कुणाचाही विक्रम बाद. थोडा जास्त भरला तर फक्त शिव्या बसतात. हे मी एका मोजणाऱ्या गृहस्थांच्या मागे पहाटे स्कूटरवरून, ब्लिंकर लावून, रिक्षा थोपवत शिकले. तलावाचंही तसंच. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ मध्ये ठेवायचा हे वाक्य पुस्तकात आहे, पण रविवारी सकाळी दुप्पट पोरं उतरली की क्लोरीन किती झपाट्यानं उतरतं आणि डोळे चुरचुरल्याची पहिली तक्रार किती वाजता येते, हे तलावाकाठीच कळतं.

परदेशाचं थोडक्यात. फिफा मास्टर नावाचा अभ्यासक्रम आहे, २००० पासून चालू, एका वर्षात इंग्लंड, इटली आणि स्वित्झर्लंडमधल्या तीन विद्यापीठांत शिकवतात. इंग्लंडमध्ये लाफबरो विद्यापीठ आहे. चांगलीच आहेत. पण तिथं वर्गात शेजारी बसतात ते पुष्कळदा आधी काही वर्षं एखाद्या क्लबात किंवा संघटनेत काम केलेले. सव्वा वर्षाच्या फ्लोअरवरच्या अनुभवावर आणि कर्जावर तू आत्ता जाऊ नयेस असं मला वाटतं. तीस वर्षांची झाल्यावर जा, कदाचित दुसऱ्याच्या पैशांनी जाशील.

म्हणजे आत्ता काय? तुझ्या जागी मी असते तर ह्या वर्षी प्रवेश घेतला नसता. जिम सोडलंही नसतं, पण फ्लोअरवरून ऑफिसात सरकले असते. मालकांना सांग, रिन्यूअलचं काम मला द्या. कुणाची मेंबरशिप ह्या महिन्यात संपतेय, गेल्या तीस दिवसांत तो किती वेळा आला, त्याला फोन कुणी केला, ह्याची एक्सेल फाइल बनव. जो महिन्यातून दोनदाच येतो तो रिन्यू करणार नाही, त्याला संपायच्या दोन महिने आधी गाठावं लागतं. संपल्यावर फोन करणं म्हणजे वरात गेल्यावर बँड बोलावणं. मालकांनी जमाखर्च दाखवला तर उत्तम. नाही दाखवला तर वीजबिल तरी मागून घे, त्यातून बरंच कळतं. वर्षभरानं तुझ्याकडे सांगण्यासारखा एक आकडा असेल, आधी शंभरातले इतके टिकत होते, आता इतके टिकतात. तो घेऊन प्रवेशाच्या मुलाखतीला जा. आणि वर्षभरात ह्या कामाचा कंटाळा आला तर लाखोंचा तोटा वाचला. खेळ आवडणाऱ्या कितीतरी जणांना हे काम आवडत नाही. बाकीचे खेळत असताना आपण पाण्याची टाकी भरली का ते बघत असतो.

एक सरकारी गोष्टही उरकून टाक. खेळाडूंना राज्यात सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. नियमात बसणारं पदक तुझ्याकडे असेल तर प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याकडून आत्ताच करून घे. ऐन जाहिरातीच्या वेळी धावाधाव होते आणि जुन्या स्पर्धेचे कागद कुठल्या संघटनेच्या कुठल्या पेटीत आहेत ते शोधत बसावं लागतं. तुला सरकारी नोकरी नको असेलही, पण कागद तयार असू दे.

वडिलांची समजूत काढायची असेल तर त्यांना घेऊन एक काम कर. ज्या कॉलेजचा फॉर्म आणला असशील तिथं सकाळी साडेसहाला जा. त्यांचं स्वतःचं जिम असेल, मैदान असेल, कदाचित तलावही असेल. वर्गखोल्या आणि लोगोंची भिंत नंतर बघा. रजिस्टरवर कोण बसलंय, बॅच कोण लावतंय, पाणी कोण तपासतंय, ते आधी बघा. क्रीडा व्यवस्थापन शिकणारी पोरंच ते करताना दिसली तर तिथल्या कॅन्टीनमध्ये चहा घेता घेता त्यांच्याशी बोला. बाहेरच्या कंत्राटदाराचा सुपरवायझर दिसला आणि विद्यार्थी नऊच्या लेक्चरला येतात असं कळलं, तर चहा घेऊन परत या.